आधी विकायचं, मग तेच परत आणायचं: एका पलटनवाल्याचं गाऱ्हाणं

आधीच सांगतो, पोस्ट मोठी आहे आणि क्रिकेटवर आहे. ज्यांना पाणी, खड्डे आणि सिडकोच्या घरांवर वाचायचंय त्यांनी पुढच्या पोस्टची वाट बघावी. तो राग संपलेला नाही, फक्त आज पाळी दुसऱ्या रागाची आहे.

१६ डिसेंबरला अबूधाबीत आयपीएलचा लिलाव झाला. आपली मुंबई इंडियन्स तिथे २ कोटी ७५ लाख खिशात घेऊन गेली. दहा संघांत सगळ्यात कमी. क्विंटन डी कॉकला १ कोटीला घेतला, मग चार पोरं तीस-तीस लाखांना, आणि दुकान बंद. त्याच दिवशी कॅमेरून ग्रीनवर कोलकात्याने २५ कोटी २० लाखांची बोली लावली. हा तोच ग्रीन, जो २०२३ मध्ये आपल्या निळ्या जर्सीत होता.

तेव्हापासून आमच्या ग्रुपवर शिमगा चालू आहे. अर्धे म्हणतात मॅनेजमेंटला अक्कल नाही. अर्धे म्हणतात पाच कप जिंकलेल्यांना तुम्ही नेरूळच्या कट्ट्यावर बसून शिकवू नका. आणि मग कोणीतरी नेहमीप्रमाणे रोहित-हार्दिक काढतो आणि रात्रीचे दोन वाजतात.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, म्हणून हा खटाटोप. यंदाच्या लिलावावर माझा फारसा राग नाही. पैसेच नव्हते तर काय घेणार? अकरा जणांचा संघ तयार आहे, बाकी भरती केली. माझा राग त्याच्या मागच्या चार वर्षांवर आहे. आणि त्याहून जास्त राग यावर आहे की या चार वर्षांत आपल्याला कोणी काही सांगितलंच नाही.

घरात जुना मिक्सर असतो. बायको म्हणते चांगला चालतोय, नवरा म्हणतो नवीन घेऊ. भंगारवाल्याला देतो. नवीन मिक्सर दोन वर्षांत जळतो. मग कळतं की तो जुना मिक्सर भंगारवाल्याने नीट करून शेजारच्या सोसायटीत विकलाय आणि तिथे रोज चटणी वाटली जातेय. मग हा माणूस तिथे जाऊन जास्त पैसे देऊन तोच मिक्सर परत आणतो आणि घरी सांगतो, बघ कसला सौदा केला! मुंबई इंडियन्सचं गेल्या चार वर्षांतलं धोरण मला तरी असंच दिसतं.

हार्दिक पांड्याला २०१५ मध्ये १० लाखांत घेतला होता. २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी सोडला. गुजरात टायटन्सने १५ कोटींना घेतला, कर्णधार केला, पहिल्याच वर्षी कप जिंकला, दुसऱ्या वर्षी फायनल खेळला. २०२३ च्या नोव्हेंबरात आपण त्याला परत आणला. ट्रेंट बोल्ट, ज्याने २०२० च्या फायनलमध्ये पहिल्याच चेंडूवर स्टॉइनिसला घालवलं, त्यालाही सोडला. राजस्थानने ८ कोटींना नेला, तीन हंगाम तिकडे खेळला आणि २०२४ च्या लिलावात आपण १२ कोटी ५० लाख मोजून परत आणला. डी कॉक २०१९ आणि २०२० दोन्ही कप जिंकताना सलामीला होता. सोडला. लखनऊ, कोलकाता असं तीर्थाटन करून आता तेहेतिसाव्या वर्षी परत आलाय.

मयंक मार्कंडेची गोष्ट तर सिनेमात टाकली तर खोटी वाटेल. हा लेगस्पिनर २०१८ मध्ये आपल्याकडेच पुढे आला. २०१९ मध्ये त्याला दिल्लीला देऊन त्याच्या बदल्यात शरफेन रदरफोर्ड आणला. २०२२ मध्ये मार्कंडे परत. मग पुन्हा बाहेर. आणि आता या नोव्हेंबरात मार्कंडे कोलकात्याकडून तिसऱ्यांदा आपल्याकडे, आणि रदरफोर्ड गुजरातकडून दुसऱ्यांदा आपल्याकडे. ज्यांची एकमेकांशी अदलाबदल केली ते दोघेही सहा वर्षांनी एकाच खिडकीतून आत. हसावं की रडावं?

एखादा खेळाडू परत येण्यात वाईट काही नाही. माणूस बाहेर जातो, शिकतो, परत येतो. पण पाच-पाच जण परत आणावे लागतात तेव्हा प्रश्न त्या पाच जणांचा उरत नाही. मुळात सोडताना कोणी काय विचार केला होता, हा प्रश्न उरतो.

आता न्यायाने बोलायचं तर २०२२ चा नियमच असा होता की चारच खेळाडू ठेवता येणार. २०१९-२० चा तो संघ काही साधा नव्हता. रोहित, डी कॉक, सूर्या, ईशान, हार्दिक, पोलार्ड, कृणाल, बुमराह, बोल्ट, राहुल चहर. यातले चार निवडा म्हटल्यावर कोणाचंही डोकं फिरेल. रोहित १६ कोटी, बुमराह १२, सूर्या ८, पोलार्ड ६. त्यावेळी हार्दिक पाठीच्या दुखण्यामुळे बॉलिंगच करत नव्हता, २०२१ च्या आयपीएलमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. तेव्हा त्याला सोडणं मला तरी समजतं. पोलार्ड पुढच्याच वर्षी निवृत्त झाला हे खरं, पण ते आधी कोणाला ठाऊक होतं?

पण त्यानंतर जे केलं ते समजत नाही. ९० कोटींपैकी ४२ गेले, ४८ उरले. त्यातले १५ कोटी २५ लाख ईशान किशनवर, ८ कोटी २५ लाख टिम डेव्हिडवर आणि ८ कोटी जोफ्रा आर्चरवर. म्हणजे साडेएकतीस कोटी तिघांवर. आणि आर्चर त्या वर्षी खेळणार नाही हे लिलावाच्या आधीपासून जगजाहीर होतं! पुढच्या वर्षी आला, मोजके सामने खेळला, दुखापतीने परत गेला. उरलेल्या साडेसोळा कोटींत अख्खी बॉलिंग, अख्खी मधली फळी. त्यात तिलक वर्मा १ कोटी ७० लाखांत मिळाला, हे त्यांच्या शोधपथकाचं श्रेय, ते मी काढून घेणार नाही.

त्याचा निकाल काय लागला तो आपण नवी मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिला, कारण २०२२ चे साखळी सामने कोविडमुळे मुंबई-पुण्यातच होते आणि आपल्या डी. वाय. पाटीलला भरपूर आले होते. २१ एप्रिलला इथेच धोनीने उनाडकटच्या शेवटच्या चार चेंडूंत सोळा काढले आणि आपण सलग सातवा सामना हरलो. आठवाही हरलो. पहिला विजय मिळाला तो ३० एप्रिलला, रोहितच्या वाढदिवसाला, तोही इथेच. ९ मेला इथेच बुमराहने कोलकात्याच्या पाच विकेट अवघ्या दहा रनमध्ये काढल्या आणि तरी आपण ५२ रननी हरलो. त्या रात्री नेरूळ स्टेशनवर लोक चिडलेले नव्हते, गप्प होते. चौदात चार विजय, दहावा नंबर.

डी. वाय. पाटीलने या संघाचं वाईट काही कमी पाहिलेलं नाही. पहिल्याच वर्षी, २७ एप्रिल २००८ ला गिलख्रिस्टने ४२ चेंडूंत शतक ठोकून आपल्याला दहा विकेटनी हरवलं ते इथेच. २०१० ची फायनल, हाताला टाके असलेला सचिन आणि चेन्नईकडून २२ रननी हार, तीही इथेच. तरी लोक येत राहिले. हरण्याचा राग वेगळा असतो, तो दोन दिवसांत जातो. २०२४ चा राग तसा नव्हता.

२०२३ मध्ये ग्रीन साडेसतरा कोटींना आणला होता, त्याने शतकही मारलं, आपण दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेलो. म्हणजे गाडी रुळावर येत होती. नोव्हेंबरात ग्रीनला बंगळुरूला दिला आणि हार्दिकला गुजरातकडून घेतला. १५ डिसेंबर २०२३ ला संध्याकाळी एक पत्रक आलं: कर्णधार हार्दिक. दहा वर्षं, पाच कप, त्यातले दोन फायनल तर एकेका रनने जिंकलेले, आणि त्या माणसाचं कर्णधारपद एका पत्रकात संपलं.

कर्णधार बदलू नये असं माझं म्हणणं कधीच नव्हतं. रोहित तेव्हा छत्तीस पूर्ण होता, कधीतरी बदलावाच लागणार होता. २०१३ मध्ये पाँटिंगनेही हंगाम चालू असताना जागा सोडली होती आणि रोहित आला होता. पण तेव्हा पाँटिंग स्वतः बाहेर बसला, सगळ्यांना दिसलं की माझ्याकडून रन होत नाहीत म्हणून मी बाजूला होतोय. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. २०२३ मध्ये आपल्याला काय दिसलं? एक पत्रक. फेब्रुवारीत कोच मार्क बाउचर एका पॉडकास्टवर म्हणाला की हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय होता. मग मार्चमध्ये हंगामाच्या आधीची पत्रकार परिषद. पत्रकाराने थेट विचारलं, रोहितला का काढलं? बाउचरने नुसती मान हलवली. उत्तर नाही. शेजारी हार्दिक बसलेला.

माझ्या मते २०२४ चा हंगाम आपण तिथेच हरलो. कारण उत्तर द्यायचं ज्यांनी, ते गप्प बसले, आणि पुढचे दोन महिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं द्यायला त्यांनी एका खेळाडूला मैदानात उभं केलं.

अहमदाबादला शिट्ट्या-हुर्यो, हैदराबादला हुर्यो, ते एकवेळ समजू. १ एप्रिलला वानखेडेवर, आपल्या स्वतःच्या मैदानावर, टॉसच्या वेळी संजय मांजरेकरला लोकांना नीट वागा असं माइकवरून सांगावं लागलं. आपल्याच कर्णधाराला आपलेच लोक! मी तेव्हाही ग्रुपवर लिहिलं होतं आणि शिव्या खाल्ल्या होत्या: हा माणूस कामगार आहे हो. महाग कामगार, पण कामगारच. त्याला नोकरीची ऑफर आली, जुनी कंपनी, वरची पोस्ट. तुम्ही-मी काय केलं असतं? ऐरोलीच्या आयटी पार्कातला आपला मित्र अशी ऑफर घेतो तेव्हा आपण त्याला पार्टी मागतो.

ती ऑफर ज्यांनी दिली, ज्यांनी जुन्या माणसाला कसं आणि कधी सांगायचं ते ठरवलं, त्यांना त्या हंगामात एकदाही कोणी हुर्यो केली नाही. ते बॉक्समध्ये बसून मॅच बघत होते.

पुन्हा चौदात चार विजय. पुन्हा दहावा नंबर. आणि गंमत बघा, दोन महिन्यांत बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये शेवटच्या ओव्हरला सोळा हवे असताना चेंडू हार्दिकच्याच हातात, सीमारेषेवर मिलरचा तो झेल सूर्याचा, त्याआधी सामना ओढून आणणारा बुमराह, आणि कर्णधार रोहित. चौघेही आपलेच. ज्या चौघांना घेऊन आपण दहावे आलो त्याच चौघांनी देशाला कप आणून दिला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच लोकांनी हार्दिक-हार्दिक म्हणून गळे फाडले. याचा अर्थ काय? माझ्या मते एवढाच की त्या वर्षी खोट खेळाडूंत नव्हती, ज्या पद्धतीने त्यांना एकत्र बसवलं त्यात होती.

२०२५ ला गाडी थोडी सावरली हे मान्य. पाच जणांना ७५ कोटींत ठेवलं: बुमराह १८, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित १६ कोटी ३० लाख, तिलक ८. रोहितने कर्णधारपद गेल्यावर ते स्वीकारलं आणि राहिला, त्याबद्दल त्याला सलाम. सूर्याने ७१७ रन केले. दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेलो आणि तिथे पंजाबच्या श्रेयस अय्यरने ८७ नाबाद मारून आपल्याला घरी पाठवलं.

श्रेयस अय्यर. मुंबईचा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या विषयावर माझं डोकं जरा जास्तच तापतं.

यशस्वी जैस्वाल राजस्थानला. शिवम दुबे चेन्नईला. अंगक्रिश रघुवंशी कोलकात्याला. आणि विरारचा आयुष म्हात्रे! २० एप्रिल २०२५ ला त्या सतरा वर्षांच्या पोराने आयपीएलमध्ये पाऊल ठेवलं ते वानखेडेवर, मुंबई इंडियन्सविरुद्ध, चेन्नईच्या पिवळ्या जर्सीत. १५ चेंडूंत ३२. माझ्या शेजारचा माणूस टाळ्या वाजवायच्या की नाही या पेचात पडलेला. मी वाजवल्या. विरारचं पोर आहे राव.

सगळी पोरं मुंबईचीच हवीत असा माझा हट्ट नाही. हा लिलाव आहे, रणजी नाही. बुमराह अहमदाबादचा, तिलक हैदराबादचा, दोघेही आपले. आणि यंदा शार्दूल ठाकूर लखनऊकडून २ कोटींत आणला, पालघरचा माणूस घरी आला, बरं वाटलं. लिलावात ज्या चौघांना तीस लाखांत घेतलं त्यात अथर्व अंकोलेकर आहे, ज्याची आई बेस्टमध्ये कंडक्टर. ही खरेदी मला डी कॉकपेक्षा जास्त आवडली. प्रश्न एवढाच की त्याला किती दिवस देणार?

हे का विचारतोय ते विग्नेश पुथूरवरून कळेल. केरळातल्या मलप्पुरमच्या रिक्षावाल्याचा मुलगा, राज्याच्या मुख्य संघातूनही न खेळलेला. २३ मार्च २०२५ ला चेन्नईविरुद्ध पदार्पण, ३२ रनमध्ये ३ विकेट. असा पोरगा शोधून काढणं ही मुंबई इंडियन्सची खरी कला, यात वाद नाही. हंगामाच्या मध्यात दुखापत झाली. नोव्हेंबरात सोडून दिला. राजस्थानने तीस लाखांत घेतला. आपण त्याच्या जागी मार्कंडे आणला, वर सांगितलेला.

आता दुसरा आकडा ऐका. ४ एप्रिल २०१३, बंगळुरू. जसप्रीत बुमराह नावाच्या विचित्र ॲक्शनच्या पोराचं मुंबई इंडियन्सकडून पदार्पण. ३२ रनमध्ये ३ विकेट. अगदी तेच आकडे. त्या हंगामात तो दोनच सामने खेळला. २०१५ मध्येही फार खेळला नाही. तरी त्याला ठेवला. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं. बाजूला मलिंगा, त्याच्याकडून यॉर्कर शिकला. त्यातून जो बॉलर तयार झाला तो आज जगात कोणाकडे नाही.

विग्नेश बुमराह होईल असं मी म्हणत नाही, बहुतेक होणारही नाही. पण २०१३ ची मुंबई इंडियन्स थांबायची. हरभजन दहा वर्षं होता, मलिंगा दहाच्या वर, पोलार्ड तेरा. ते पाच कप त्या थांबण्यातून आले, असं मला वाटतं. आजची मुंबई इंडियन्स शोधते उत्तम, थांबत नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये बॉस्टन रेड सॉक्सच्या मालकाने १९१९ च्या डिसेंबरात बेब रूथला न्यूयॉर्कला विकलं. १९१८ ला जिंकलेले बॉस्टनवाले पुढचा वर्ल्ड सिरीज जिंकले २००४ ला. शहाऐंशी वर्षं! तिथे दर हिवाळ्यात, खेळ बंद असताना, चाहते याच विषयावर भांडत असतात: कोणाला विकलं, का विकलं, पैसे वाचवायला का. म्हणजे आपला कट्टा काही जगावेगळा नाही.

पण जगात काही ठिकाणी चाहत्याला थोडी किंमत आहे. जर्मनीत फुटबॉल क्लबमध्ये बहुमताची मतं क्लबच्या सभासदांकडेच राहतात असा नियम आहे, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर. बार्सिलोनात सभासद अध्यक्ष निवडतात. आणि इंग्लंडमध्ये असा नियम नसतानाही एप्रिल २०२१ मध्ये काय झालं आठवा. सहा मोठ्या क्लबांच्या मालकांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली, लोक रस्त्यावर आले, आणि दोन दिवसांत सहाही क्लब माघारी. त्या लोकांनी खेळाडूंना हुर्यो केली नाही. मालकांच्या दारात जाऊन उभे राहिले.

आपण सभासद नाही, भागधारक नाही, मतदार नाही. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, तिथे आपल्या तिकिटाचे पैसे म्हणजे चणे-फुटाणे. केपटाऊनला एमआय, न्यूयॉर्कला एमआय, अबूधाबीला एमआय, आता लंडनलाही एमआय. त्या 'एम'मध्ये मुंबई आहे हे न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला ठाऊक तरी असेल का? धंदा आहे, मान्य. पण धंदा आहे म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही हा कुठला धंदा? आमचा तुर्भ्याच्या मार्केटमधला भाजीवालासुद्धा कालचा माल आज महाग का ते सांगतो.

मी फार मोठं मागत नाही. संघ घणसोलीच्या रिलायन्सच्या मैदानावर सराव करतो, माझ्या घरापासून हार्बर आणि ट्रान्स-हार्बर मिळून अर्धा तास. दर नोव्हेंबरात कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं ही यादी आली की आठवड्याभरात कोच आणि मॅनेजमेंटमधल्या एका माणसाने समोर बसावं आणि प्रश्न घ्यावेत. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, कशातही. विग्नेशला का सोडलं. मार्कंडेत असं काय आहे जे आधी दोनदा दिसलं नाही. रोहितनंतर सलामीला कोण, आणि ते रोहितला माहीत आहे का. दुसरं, ट्रेडमध्ये खेळाडूची किंमत सांगतात, पण त्यावर एका फ्रँचायझीने दुसरीला किती दिले ते सांगत नाहीत. हार्दिकच्या वेळीही १५ कोटींचा आकडा आला, वरचा आला नाही. तो बीसीसीआयने जाहीर करायला लावावा. त्यावरून कळेल की घाई कोणाला होती. आणि हंगामाआधी एक दिवस घणसोलीचा सराव शाळेतल्या पोरांसाठी उघडा ठेवावा. नवी मुंबईत महापालिकेच्याच किती शाळा आहेत, पोरं चालत येतील.

कोणी म्हणेल, यांना सांगून काय फरक पडणार. पडतो. याच मालकांचा महिलांचा संघ बघा. २०२३ मध्ये पहिली डब्ल्यूपीएल, पहिली मॅच आपल्या डी. वाय. पाटीलला, गुजरातला १४३ रननी हरवलं आणि पुढे कप घेतला. २०२५ ला पुन्हा कप. आता नोव्हेंबरात मोठा लिलाव झाला तर हरमनप्रीत, नॅट सिव्हर-ब्रंट, हेली मॅथ्यूज, अमनजोत, कमलिनी ठेवल्या, आणि अमेलिया केरला लिलावातून ३ कोटींत पुन्हा घेतलं. कणा तोच. तीन वर्षं तीच कर्णधार. म्हणजे थांबायचं कसं हे त्यांना येतं. एका संघात करतात, दुसऱ्यात विसरतात. (जेमिमा आपल्या मुंबईची असून दिल्लीची कर्णधार आहे, ते दुखणं आहेच. ३० ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तिच्या १२७ नाबाद ज्यांनी इथे पाहिल्या त्यांना कळेल मी काय म्हणतोय.)

ता. क. ९ जानेवारीला, शुक्रवारी, डब्ल्यूपीएलची पहिली मॅच डी. वाय. पाटीलला आहे, मुंबई विरुद्ध बंगळुरू. २ नोव्हेंबरला हरमनप्रीतने जिथे वर्ल्ड कप उचलला तेच मैदान. आम्ही सहा-सात जण जाणार आहोत. वरचे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेणार आहे, कॅमेरा आपल्याकडे वळला तर धरू. कोणाचंही नाव घेऊन हुर्यो करायची नाही एवढी एकच अट. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा, नेरूळ स्टेशनच्या पूर्वेला साडेपाचला भेटू. पार्किंगच्या भानगडीत पडू नका, ट्रेननेच या.